दोन स्पोर्ट्स कार, शेड एकाच गाडीची: कोकणात कुठली ठेवायची आणि तिचं सस्पेन्शन कसं सुधारायचं

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दुप्पट केलं. मोटारीला पाच हजारांचे दहा हजार झाले आणि परदेशातून आयात केलेल्या मोटारीला चाळीस हजारांचे ऐंशी हजार. त्याच दिवसांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या गाड्यांना सोसतं की नाही यावर वाद सुरू होता. ज्यांनी हौसेने एखादी जुनी स्पोर्ट्स कार सांभाळली आहे, त्यांच्या थेट खिशाशी येणारे हे विषय. ज्यांच्याकडे दोन आहेत, त्यांना तर एकीला निरोप द्यावा लागणार असं दिसतंय.

माझ्या मामेभावाचं तेच झालंय. घर रत्नागिरीजवळ पावस गावाला, धंदा आंब्याचा, कोल्हापूरला येणं-जाणं नेहमीचं. मुंबईत असताना घेतलेली २०१० ची बीएमडब्ल्यू झेड-फोर आणि नंतर घेतलेली २०१२ ची ऑडी टीटी, दोन्ही आता गावी आहेत आणि पक्की शेड एकाच गाडीची आहे. तो म्हणाला, "दादा, एक विकतो. जी ठेवीन तिचं सस्पेन्शन मस्त कडक करून, जरा खाली बसवून घेतो." हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्हींचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो: गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार आहे. म्हणून आधी सस्पेन्शन समजून घेऊ, मग रस्ता बघू, आणि गाडीची निवड त्यानंतर करू.

## सस्पेन्शन नेमकं करतं काय

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधली सगळी यंत्रणा म्हणजे सस्पेन्शन. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन घाटी उतरणारी बाई डोळ्यांसमोर आणा. पायाखालचा चिरा वर-खाली असतो, गुडघे वाकतात आणि सरळ होतात, कळशी मात्र हिंदकळत नाही. गाडीत कळशी म्हणजे सांगाडा, इंजिन आणि आपण. पावलं म्हणजे चाकं. आणि वाकणाऱ्या गुडघ्याचं काम स्प्रिंग करते.

पण नुसती स्प्रिंग दाबली की उसळते, परत दबते आणि झुलत राहते. ती उसळी जिरवतो तो डॅम्पर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे शॉकअप म्हणतात. त्याच्या आत तेल असतं. दट्ट्या त्या तेलातून बारीक झडपांमधून वाट काढत सरकतो आणि उसळीतली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. खराब रस्त्याचा लांब पट्टा संपवून उतरलात आणि शॉकअपला हात लावलात तर तो गरम लागतो, तो यामुळे.

याशिवाय चाकाला योग्य कोनात धरून ठेवणारे आर्म असतात. त्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी सळई असते, अँटी रोल बार, जी वळणावर गाडीचं कलणं कमी करते. या सगळ्यांचं मिळून पहिलं काम म्हणजे टायर रस्त्याला टेकलेला ठेवणं. आराम त्याच्या मागून येतो. ज्या क्षणी चाक रस्ता सोडतं, त्या क्षणी त्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही.

## गाडी कमी कलली म्हणजे पकड वाढली का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून थोडा आकडेमोडीचा कंटाळा सहन करा.

वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं, हे गाडीचं वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. गाडी १४०० किलोची धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर आणि चाकांमधलं अंतर १५५ सेंटिमीटर. कोरड्या घाटात बऱ्यापैकी जोरात घेतलेल्या वळणावर आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साठ टक्के धरला, तर सुमारे २७० किलो वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. या हिशेबात स्प्रिंग कुठेच आलेली नाही. स्प्रिंग कितीही कडक करा, सरकणारं वजन जवळपास तेवढंच राहतं. गाडी कललेली दिसते कमी, एवढाच फरक.

आता तीच गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली. गुरुत्वमध्य ४७ सेंटिमीटरवर आला. सरकणारं वजन २७० वरून २५५ किलोवर आलं, म्हणजे जेमतेम सहा टक्क्यांचा फायदा. बदल्यात काय गेलं ते पुढे बघूच.

मग शर्यतीच्या गाड्या कडक का असतात? कारण त्यांचा रस्ता गुळगुळीत असतो, वेग प्रचंड असतो, आणि हवेच्या दाबावर पकड मिळवायची तर गाडीची उंची स्थिर लागते. शिवाय कडक सस्पेन्शनमुळे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लवकर प्रतिसाद देते. तो प्रतिसाद हातांना आवडतो आणि आपण त्यालाच पकड समजतो.

## पावस गावापासून आंबा घाटापर्यंतचा रस्ता

पावसहून निघालं की गोळप, भाट्याचा पूल, रत्नागिरी, मग हातखंबा. तिथून मुंबई-गोवा महामार्गाने पाली, मग वळून साखरपा आणि पुढे आंबा घाट. एवढ्या वाटेत चार-पाच जातींचे रस्ते लागतात. किनाऱ्याजवळचा अरुंद डांबरी रस्ता, ज्याच्या कडा पावसाने खाल्लेल्या असतात. सिमेंट काँक्रीटचे रुंद पट्टे, ज्यांच्या सांध्यांवरून चाक टकटक करत जातं. काम चालू असलेल्या जागचे वळवलेले रस्ते, जिथे काँक्रीट संपून खाली उतरताना पायरी लागते. आणि घाटात तीव्र वळणं, त्यातही वळणाच्या आतल्या बाजूलाच उखडलेला भाग.

जून ते सप्टेंबर या सगळ्यावर पाणी असतं. पावसाळ्यात झाडाखालचा पाला आणि धुपून आलेली तांबडी माती यांचा जो थर वळणावर बसतो, त्यावर टायरची पकड कोरड्या रस्त्याच्या मानाने फारच कमी असते. पकड कमी, म्हणून वळणाचा वेग कमी, म्हणून आडवा जोर कमी, आणि म्हणून गाडी मुळात कलतेच कमी. ज्या कलण्याला रोखायला कडक स्प्रिंग बसवायची, ते कलणं कोकणात वर्षातले चार महिने फारसं होतच नाही. याउलट खड्डे, सांधे आणि पायऱ्या बारा महिने असतात. या रस्त्याला हवं आहे ते लांब अंतर वर-खाली होऊ शकणारं, पण झुलत न राहणारं चाक.

## मग दोघींतली कुठली?

दोन्ही गाड्या उत्तम आहेत. झेड-फोरचं लांब नाक, सहा सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, ही जुन्या पठडीची मजा. छप्पर धातूचं असून घडी होऊन डिक्कीत जातं. ऑडी टीटीचं इंजिन चार सिलिंडरचं, आडवं बसवलेलं. क्वाट्रो असेल तर चारही चाकांना ताकद जाते. आनंदाच्या बाबतीत मी कुणाचं मन वळवणार नाही. कोरड्या जानेवारीत, छप्पर उघडं ठेवून गणपतीपुळ्याच्या बाजूला समुद्राकाठच्या रस्त्यावर झेड-फोर चालवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

पण मामेभावाचा प्रश्न वर्षभराचा आहे, आणि वर्षभराच्या हिशेबात माझा कौल टीटीला आहे.

पहिलं कारण वजनाचं. टीटी सुमारे चौदाशे किलो, सहा सिलिंडरची झेड-फोर सुमारे सोळाशे. दोनशे किलो जास्त म्हणजे प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग, शॉकअप आणि बुश यांच्यावर तेवढा जादा मार, आणि घाट उतरताना ब्रेकवर जादा भार. दुसरं कारण सुट्या भागांचं. या पिढीची टीटी ज्या मूळ ढाच्यावर उभी आहे, तोच ढाचा फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या त्या काळातल्या गाड्यांचाही आहे. त्यामुळे खालच्या बाजूचं काम जाणणारा कारागीर रत्नागिरी नाहीतर कोल्हापुरात सापडायची शक्यता जास्त. तिसरं कारण ओल्या घाटात चढाला चार चाकांची ताकद. क्वाट्रो असेल तर मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगचं तेल वेळेवर बदललंय का, हे सर्व्हिसच्या कागदांत तपासा; बदललं नसेल तर तो खर्च धरून चाला.

चौथं कारण छपराचं. घडीच्या छपराला रबरी पट्ट्यांची लांबलचक वीण असते आणि पाणी वाहून जायला बारीक नळ्या. नारळ-आंब्याच्या झाडाखाली उभ्या गाडीत त्या नळ्या पाल्याच्या चुऱ्याने तुंबतात आणि पाणी नको तिथे जिरतं. हे सांभाळता येतं, पण सांभाळावं लागतं.

टीटीच्या विरुद्ध एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगायला हवा. तिची बॉडी ॲल्युमिनियम आणि पोलाद अशी मिश्र आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटले की एक दुसऱ्याला खातो. कारखान्यात त्या सांध्यांमध्ये गोंद आणि लेप असतो, पण कधी अपघात होऊन साध्या गॅरेजमध्ये ठोकाठोकी झाली असेल, तर तो लेप राहिलेला नसतो. मागच्या बाजूला दुरुस्तीच्या खुणा, फुगलेला रंग, पांढरी पूड दिसली, तर माझा कौल बदलेल. मग झेड-फोर ठेवा.

नोंदणीचा हिशेबही टीटीच्या बाजूने थोडा झुकतो. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१० ची गाडी २०३० मध्ये वीस ओलांडेल, २०१२ ची २०३२ मध्ये. वाढलेलं शुल्क टीटीला दोन वर्षं उशिरा लागेल.

इथेनॉलचा मुद्दा दोघींना सारखाच आहे, त्याने निवड ठरत नाही. एवढं लक्षात ठेवा की इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिना-महिना गाडी उभी ठेवू नका.

## "पण स्पोर्ट्स कार जरा खाली बसवली तर काय बिघडलं?"

समजा, गाडी उभी असताना चाकाला वरच्या दिशेने जायला ६० मिलिमीटर जागा आहे. त्यापुढे रबरी ठोकळा लागतो, ज्याला बम्प स्टॉप म्हणतात, आणि तिथे धक्का थेट सांगाड्याला बसतो. आखूड स्प्रिंग घालून गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली की ती जागा ३० वर येते. खड्डा मात्र तेवढाच राहतो.

स्प्रिंग जी ऊर्जा गिळते ती तिच्या दबण्याच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे तोच धक्का निम्म्या अंतरात गिळायचा तर स्प्रिंग दुप्पट कडक करून भागत नाही, चौपट करावी लागते. बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंग मूळच्यापेक्षा थोड्याच कडक असतात. त्यामुळे खाली बसवलेली गाडी खराब रस्त्यावर सारखी ठोकळ्यावर आपटते. मालकाला वाटतं सस्पेन्शन कडक झालं, प्रत्यक्षात त्या क्षणी सस्पेन्शन उरलेलंच नसतं. वळणाच्या मध्यावर हे झालं तर चाक उडतं आणि गाडी एक फूट बाहेर सरकते. आंबा घाटात तो एक फूट आपल्याकडे नसतो.

गतिरोधकांचं गणितही बघण्यासारखं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास आहे. अशा गतिरोधकावरून सावकाश जायला मधल्या पोटाला सुमारे साडेचार सेंटिमीटर मोकळीक पुरते, म्हणजे खाली बसवलेली गाडीसुद्धा सहज जाईल. अडचण मानकाच्या गतिरोधकांची नाही. शाळेसमोर, देवळासमोर, वाडीच्या तोंडाशी एका रात्रीत घातलेले अरुंद आणि उंच उंचवटे असतात, त्यांच्यावर पोट घासतं. ते उंचवटे लोकांनी आपल्या मुलांसाठी घातलेले आहेत आणि ते राहणारच आहेत. गाडी त्यांना साजेशी ठेवायला हवी.

## काम सुरू टायरपासून

सस्पेन्शन सुधारायचं म्हटलं की माणूस थेट महागड्या शॉकअपच्या किमती बघतो. माझं मत स्पष्ट आहे: दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला आधी मूळच्या अवस्थेत आणा. त्यातच निम्म्याहून जास्त सुधारणा होते.

टायरवर छापलेलं साल बघा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुनं झालं की ओल्यात पकडत नाही. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. आपल्या पावसात मी तीन मिलिमीटरला टायर बदलायला सांगेन. रिमचा आकारही विचारात घ्या. टीटीला २४५/४५ आर १७ आणि २४५/४० आर १८ असे दोन्ही टायर येतात. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, पण सतराच्या टायरची भिंत ११० मिलिमीटर, अठराच्या टायरची ९८. ही बारा मिलिमीटर हवेची गादी खड्ड्यात रिम वाचवते. दिसायला मोठं रिम छान, हे मान्य. आपल्याकडे चालवायला सतरा इंचीच. झेड-फोर ठेवणार असाल तर तिच्यावर बहुधा रनफ्लॅट टायर असतील, हवा गेली तरी काही अंतर चालणारे. त्यांच्या भिंती फार ताठ असतात. साधे टायर घातले की गाडी लगेच मऊ होते; फक्त पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिक्कीत हवाच.

मग बुश. रबर पंधरा वर्षांत कडक होतं, तडकतं. गाडी लिफ्टवर घेऊन पहारीने आर्म हलवून बघायला सांगा. शॉकअपच्या वरचे माउंट, स्टॅबिलायझर लिंक (अँटी रोल बारची टोकं जोडणाऱ्या छोट्या दांड्या), बॉल जॉइंट हेही याच वेळी बघा. पॉलियुरेथेनचे कडक बुश बसवून देतो असं कुणी म्हटलं, तर रोजच्या गाडीला नको म्हणा. त्यांतून रस्त्याचा कंप आत येतो, ग्रीस सुकलं की ते करकरतात, आणि आपल्याकडची माती त्यांत शिरली की लवकर झिजतात. चांगल्या प्रतीचे मूळ जातीचे रबरी बुश पुरे.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो, जिच्यावर सगळं काम टिकतं किंवा वाया जातं. रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो, तो फिरत नाही, पिळतो. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात. त्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. म्हणून काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागी उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. बुश घातल्यावर बोल्ट हलके लावायचे, जॅकने चाक उचलून ते अंतर आधीइतकं करायचं आणि मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, शेवटचं आवळायचं. कारागिराला हे समोर उभं राहून करायला लावा. त्याला राग आला तरी चालेल.

## शॉकअप घेताना

आता शॉकअप. इथे पैसे घालावेत, आणि विचार करून घालावेत.

चांगला शॉकअप कशाला म्हणायचं? त्याच्या दट्ट्याच्या वेगावरून ओळखायचं. वळणावर गाडी हळूहळू कलते, ब्रेक लावल्यावर नाक हळूहळू झुकतं; तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो. खड्ड्यात चाक झटक्यात वर जातं. तेव्हा दट्ट्या वेगाने सरकतो. गाडीच्या वेगाचा याच्याशी थेट संबंध नाही. आपल्याला हवा तो शॉकअप सावकाश हालचालीला घट्ट धरणारा आणि झटक्याच्या वेळी झडप उघडून वाट देणारा. स्वस्तात मिळणारे "स्पोर्ट" शॉकअप दोन्ही वेळी घट्ट असतात, म्हणून हाडं खिळखिळी होतात आणि पकडही मिळत नाही.

बिल्स्टाइन या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत बी-४ हा मूळच्यासारखा, बी-६ हा मूळ उंचीच्या स्प्रिंगसोबत चालणारा पण जास्त नियंत्रणाचा, आणि बी-८ हा खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. वर सांगितलेल्या कारणांमुळे कोकणात निवड बी-४ आणि बी-६ यांच्यातच आहे. कोनी या दुसऱ्या कंपनीचा जो प्रकार धक्क्याच्या लयीप्रमाणे आपोआप मऊ-घट्ट होतो, तोही आपल्या रस्त्यांना फार शोभतो. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलला काय येतं, हे गाडीचा चासी क्रमांक देऊनच विचारा.

गाडीत मूळचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील, म्हणजे टीटीत मॅग्नेटिक राइड किंवा झेड-फोरमध्ये बटणाने मऊ-कडक होणारे, तर त्यांच्या जागी साधे बसवल्यावर मीटरमध्ये धोक्याचा दिवा लागतो. तो बंद करायला संगणकातून बदल करावा लागतो. हे करू शकणारा माणूस आधी शोधा, भाग नंतर मागवा.

कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांवर उंची कमी-जास्त करता येणारी शॉकअप-स्प्रिंगची जोडी, हा हौशी लोकांचा लाडका पर्याय. किनाऱ्यावर त्या आट्यांमध्ये मीठ आणि तांबडी माती बसते आणि दोन पावसाळ्यांत रिंग जाम होते. मग उंची बदलण्याची सोयच उरत नाही. घ्यायचेच असतील तर केडब्ल्यू कंपनीच्यासारखे स्टेनलेस स्टीलच्या बॉडीचे घ्या, आट्यांना मेणाचं संरक्षक ग्रीस लावा आणि उंची मूळच्या जवळच ठेवा. मामेभावाला मी हा खर्च करू नको असंच सांगितलंय.

## "निदान अँटी रोल बार जाड करू?"

हा प्रश्न नेहमी येतो, कारण काम सोपं आणि फरक लगेच जाणवणारा. सपाट रस्त्यावर फायदा होतो, खोटं नाही. पण बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांची बांधणी. एक चाक खड्ड्यात गेलं की जाड बार दुसऱ्यालाही ओढतो. कडा खाल्लेल्या अरुंद रस्त्यावर एका बाजूचं चाक सतत खाली-वर होत असतं, आणि तिथे गाडी डोकं हलवत चालते. शिवाय मागचा बार जास्त जाड केला तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी आधी सुटते. मूळचा बार ठेवा, फक्त त्याचे झिजलेले बुश आणि लिंक बदला.

सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट. नुसतं पुढचं नाही, चारही चाकांचं, आणि छापील कागद हातात घ्या. पाचशे-हजार किलोमीटर झाले की नवे भाग बसतात, तेव्हा एकदा परत तपासा.

## खारा वारा

किनाऱ्याच्या गावात सस्पेन्शन चालवून जितकं झिजतं तितकंच उभं राहूनही. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून पाऊस थांबल्यावरही पोलाद कोरडं होत नाही. सगळ्यात आधी बघायची जागा म्हणजे स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा, जिथे तो बशीत बसतो. तिथे माती साचते, रंगाचा टवका उडतो आणि गंज आत शिरतो. स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा इथेच. बोट घालून माती काढा, पापुद्रे सुटत असतील तर स्प्रिंग बदला, आणि बदलताना डावी-उजवी जोडीनेच.

पावसाळ्यातही गाडीचं पोट दर पंधरवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा. डांबरासारखं काळं कोटिंग गंजावरच मारू नका, ते गंजाला आत कोंडून ठेवतं. आधी खरवडून, गंजरोधक लावून, मग मेणाचं कोटिंग. शेडमध्ये गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकायची नाही, खालची वाफ बाहेर जाऊ द्यायची. आणि पुळणीत गाडी उतरवायचा मोह कुणी कितीही पाडला तरी नको. लाटेचं पाणी चाकाच्या बेअरिंगपर्यंत गेलं, तर नंतर कितीही धुतलं तरी उशीर झालेला असतो.

## आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. मूळ मापाचा शॉकअप, बुश, स्प्रिंग बदलणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलणं, रिम-टायर बाहेर काढणं, यात प्रश्न उभा राहू शकतो, आणि पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीत तो उभा राहिला तर गाडी परत मूळ अवस्थेत आणायला लागते. शंका असेल तर रत्नागिरीच्या (एमएच-०८) आरटीओ कार्यालयात काम करण्याआधी विचारा. बसवलेल्या प्रत्येक भागाचं बिल जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळण्यापेक्षा ते आधी कळलेलं बरं.

## जी जाणार आहे, तिचं काय?

झेड-फोर विकायची ठरली तर तिच्यावर सस्पेन्शनचा मोठा खर्च करू नका. घेणारा हौशी असेल तर त्याला स्वतःच्या पसंतीने काम करायचं असतं, आणि नवे महागडे शॉकअप किमतीत धरले जात नाहीत. स्टॅबिलायझर लिंकसारखा खडखडणारा स्वस्त भाग मात्र बदला, कारण चाचणीच्या फेरीत आवाज आला की घेणारा सगळ्याच गाडीवर संशय घेतो. विक्री पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये करा, छप्पर उघडून दाखवता येईल अशा दिवसांत. गाडीच्या खालच्या बाजूचे ताजे फोटो आणि सर्व्हिसची सगळी बिलं एकत्र ठेवा. घेणारा घाटावरचा असेल तर तो समुद्रकाठच्या गाडीबद्दल पहिला प्रश्न गंजाचाच विचारतो, तेव्हा लपवाछपवी न करता लिफ्टवरच दाखवा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, कर्ज असेल तर त्याचा बोजा फॉर्म ३५ ने उतरला आणि नव्या मालकाच्या नावाची नोंद वाहन पोर्टलवर दिसली, की मगच दुसरी किल्ली त्याच्या हातात द्या.